बीज, क्षेत्र आणि संमती

मूल नसणे हे मुळात दोन माणसांचे खाजगी दुःख. परंतु आपल्या समाजात ते फार काळ खाजगी राहू दिले जात नाही. लग्नाला दोन-तीन वर्षे उलटली आणि पाळणा हलला नाही, की त्या दुःखावर प्रथम घरातील वडीलधाऱ्यांचा, मग भावकीचा, मग गावाचा आणि अखेरीस धर्मशास्त्राचा व सरकारी कायद्याचाही हक्क पोहोचतो. आणि ज्या दोघांच्या संसाराची ती गोष्ट असते, त्या दोघांना मात्र तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांच्या मागून, तोही शिल्लक उरलाच तर, मिळतो. निपुत्रिकाचा वंश कसा चालवावा, या प्रश्नाची उत्तरे भारतीय मनाने गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत अनेक दिली, आणि त्यांतील काही आपल्या विलक्षण धिटाईने आजच्या वाचकालाही चकित करतील अशी आहेत. परंतु त्या सर्व उत्तरांच्या पोटात एक दुसरा, फार उशिरा उमगलेला प्रश्न दडलेला आहे: हे सारे ज्यांच्या शरीरावर आणि मनावर घडवून आणायचे, त्यांना कोणी विचारले काय? या दुसऱ्या प्रश्नाचा उदय कसा झाला, हे पाहू जाता पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुभागन’ ही २०१० साली प्रसिद्ध झालेली तमिळ कादंबरी मला एखाद्या दीर्घ परंपरेच्या शेवटी उभ्या असलेल्या साक्षीदारासारखी वाटते. आणि म्हणून प्रथम तिचीच साक्ष काढणे उचित होईल.

तमिळनाडूच्या पश्चिम भागात, कोंगुनाडात, तिरुचेंगोडे नावाचे क्षेत्र आहे. तेथील डोंगरावर अर्धनारीश्वराचे प्राचीन देवालय आहे आणि मुरुगन यांचा जन्मही त्याच परिसरातला. कादंबरीचा काळ इंग्रजी अमदानीच्या अखेरचा. काली आणि पोन्ना हे शेतकरी जोडपे. पोटापुरती जमीन, गुरांचा गोठा, राबणारे हात आणि एकमेकांविषयी इतकी उत्कट ओढ, की लग्नाला बारा वर्षे होऊनही तिचा ताजेपणा ओसरलेला नाही. उणीव ती एकच. कालीने सासऱ्याच्या अंगणात लावलेले भेंडीचे झाड एव्हाना ऐसपैस पसरून सावली देऊ लागले आहे, आणि त्या झाडाच्या प्रत्येक नव्या फांदीबरोबर या दोघांची रिकामी वर्षे लोकांच्या डोळ्यांत अधिकाधिक भरू लागली आहेत.

कादंबरीकाराने या जोडप्याच्या वाट्याला येणारे अपमान आवाज न चढवता, एकामागून एक, संथपणे मांडले आहेत. मंगलकार्यात पोन्नाला हलकेच मागे सारले जाते. जमिनीचे पुढे काय होणार, याची चिंता नातलग तोंडावर बोलून दाखवतात, आणि त्या चिंतेच्या आड त्यांचा डोळा कशावर आहे हे कोणापासून लपत नाही. नवस बोलले जातात, कडू औषधे घशाखाली उतरवली जातात, कुण्या पूर्वजाने केलेल्या पापाच्या कथा उकरून काढून शापाचे परिमार्जन केले जाते. डोंगराच्या माथ्यावर वांझेचा दगड म्हणून एक कडा आहे. त्याला प्रदक्षिणा घातली तर कूस उजवते अशी श्रद्धा, आणि पाय निसटला तर खाली दरी. पोन्ना तीही प्रदक्षिणा पुरी करते. आपल्याकडे सवाष्णीची ओटी भरण्याच्या वेळी जिच्या कडेवर मूल नाही तिच्यावरून कुंकवाचा करंडा कसा नकळत पुढे सरकतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तमिळ गावातील रीत परकी वाटण्याचे काही कारण नाही.

कालीला दुसरे लग्न करण्याची मोकळीक होती. त्या काळी मद्रास इलाख्यात कायद्याचा अडसर नव्हता, द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा तेथे १९४९ साली झाला. आणि लोकाचाराचा तर आग्रहच होता. परंतु पोन्नाच्या जागी दुसरी कोणी आणण्याची कल्पना त्याला सोसवत नाही. अशा वेळी त्याची आई सीरायी, पोन्नाची आई वल्लायी आणि पोन्नाचा भाऊ, म्हणजे कालीचा बाळमित्र मुत्तू, यांच्या मनात एक जुना मार्ग घोळू लागतो. तिरुचेंगोड्याच्या रथोत्सवात चौदाव्या दिवशी देव डोंगरावर परत जातात. त्या रात्री, कादंबरीत वर्णिलेल्या प्रथेप्रमाणे, पुरुषमात्र देव मानला जाई. अपत्यहीन स्त्रीने त्या गर्दीत जावे, कोणा अनोळखी पुरुषाचा स्वीकार करावा, आणि त्यातून जे मूल जन्मेल ते देवाने दिलेले मूल म्हणून घराने आणि गावाने काही न विचारता पदरात घ्यावे.

येथे कादंबरीतील नैतिक पेच उभा राहतो, आणि तो वरवर दिसतो त्याहून पुष्कळ गहन आहे. काली या प्रथेला केवळ ऐकून ओळखत नाही. लग्नापूर्वी, मिसरूड फुटण्याच्या वयात, मुत्तूबरोबर तो स्वतः त्या रात्रीच्या गर्दीत हिंडलेला आहे. तेव्हा जे कृत्य त्याला उत्सव वाटले होते, तेच आता आपल्या पत्नीच्या बाबतीत कल्पनेतही असह्य होते. तरीही एकदा तो पोन्नाला विचारतो, की मी म्हटले तर तू जाशील काय? ती उत्तर देते, की या मुलासाठी तुमचीच इच्छा असेल तर जाईन. या उत्तराने काली आतून दुखावतो. कारण त्याने प्रश्न विचारला होता तो नकार ऐकण्यासाठी, आणि पोन्नाने होकार दिला होता तो त्याच्या मनासारखे वागण्यासाठी. दोघांचेही प्रेम खरे, आणि दोघांचीही चूक अशी की आपल्या मनातले वाक्य त्यांनी समोरच्याच्या तोंडी घालू पाहिले. या छोट्याशा संवादात लेखकाने दांपत्यजीवनातील जे मर्म पकडले आहे, ते मोठमोठ्या नीतिग्रंथांना सापडलेले नाही.

पुढचा अनर्थ घडतो तो कुटुंबाच्या हातून. मुत्तू कालीला दारू पाजण्याच्या निमित्ताने दूर घेऊन जातो. इकडे पोन्नाला, तुझ्या नवऱ्याने संमती दिली आहे असे सांगून, आईबाप बैलगाडीत बसवून उत्सवाला नेतात. कालीने होकार दिलेला नाही, हे पोन्नाला ठाऊक नाही. पोन्ना गेली आहे, हे कालीला ठाऊक नाही. रात्री उशिरा सासुरवाडीला परतलेल्या कालीला रिकामे घर आणि गाडी नसलेले अंगण दिसते, आणि सारे एका क्षणात कळून चुकते. या प्रसंगी खलपुरुष कोण, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. सगळ्यांनी प्रेमापोटी केले, सगळ्यांना त्या दोघांचे कल्याणच हवे होते. आणि तरीही दोन माणसांचा विश्वास ज्याने कायमचा मोडला, ते पाप घडले आहे. ते पाप परपुरुषाच्या स्पर्शात आहे असे मला वाटत नाही. ते खोट्या सांगितलेल्या संमतीत आहे. मुरुगन यांनी पुढे याच कथेच्या दोन स्वतंत्र उत्तरकथा लिहिल्या, एकीत काली जीव देतो, दुसरीत तो जगतो पण पोन्नाला दूर लोटतो. आणि दोहोंतही जखम तीच राहते.

आता ही प्रथा म्हणजे एखाद्या कोपऱ्यातल्या गावाचे विक्षिप्तपण, असे मानणाऱ्याने महाभारताचे आदिपर्व उघडून पाहावे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला तेव्हा कुरुवंश खुंटण्याची वेळ आली, आणि सत्यवतीने प्रथम भीष्माला व त्याने नकार दिल्यावर आपला कानीन, म्हणजे लग्नापूर्वी झालेला, पुत्र व्यास याला पाचारण केले. येथवरची कथा सर्वांना अवगत आहे. परंतु तिच्यातील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. सत्यवतीने विचित्रवीर्याच्या विधवेला, अंबिकेला, एवढेच सांगितले, की आज रात्री तुझा दीर येईल, त्याची वाट पाहा. कोणता दीर, हे सांगितले नाही. अंबिका शय्येवर पडून भीष्माचे आणि इतर कुरुश्रेष्ठांचे चिंतन करीत राहिली, आणि दिव्याच्या उजेडात आत आला तो जटाधारी, उग्र गंधाचा, काळासावळा तपस्वी. तिने डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. दुसरी विधवा अंबालिका भयाने पांढरीफटक पडली. एकीचा पुत्र अंध निपजला, दुसरीचा पांडुरवर्ण. पुन्हा पाळी आली तेव्हा अंबिकेने आपली दासी अलंकार घालून पुढे केली. त्या दासीने मात्र ऋषीचे निर्भयपणे स्वागत केले, आणि तिच्या पोटी विदुर जन्मला, जो त्या साऱ्या घराण्यात धर्माचा एकमेव शुद्ध आवाज ठरला.

महाभारतकाराने येथे उघड असा काहीच निवाडा दिलेला नाही. परंतु मातेच्या अनिच्छेचा ठसा अपत्याच्या देहावर उमटवून त्याने जे सुचवले आहे, ते निवाड्याहून अधिक बोलके आहे. अर्थात दासीला तरी नाही म्हणण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्न आजच्या वाचकाने विचारलाच पाहिजे. कथेने तो विचारलेला नाही. तरीसुद्धा फसवून शय्येपर्यंत नेलेली अंबिका आणि फसवून उत्सवापर्यंत नेलेली पोन्ना यांच्यामधील अंतर, शतकांच्या हिशेबाने केवढेही असो, भोगण्याच्या हिशेबाने फार थोडे आहे.

पुढच्याच पिढीत हा प्रश्न निराळे रूप घेतो. शापामुळे संततीस असमर्थ झालेला पांडू कुंतीला नियोगाची, म्हणजे वंशासाठी नेमलेल्या परपुरुषापासून संतती मिळवण्याची, गळ घालतो, आणि येथे प्रथमच पतिपत्नींमध्ये दीर्घ वाद होतो. कुंती तत्काळ मान्य करीत नाही. ती दाखले देते, पांडू प्रतिदाखले देतो, आणि मग ती देवांना पाचारण करणाऱ्या आपल्या मंत्राची गोष्ट सांगून, कोणत्या देवाला बोलवावे हे त्यालाच ठरवायला लावते. तीन पुत्र झाल्यावर पांडूची हाव थांबत नाही तेव्हा मात्र ती ठाम नकार देते. आपत्काळातही याच्यापुढे जाणे धर्माला संमत नाही, असे ती बजावते. अंबिकेला कोणी विचारले नव्हते. कुंतीला विचारले गेले, तिने वाद घातला, तिने मर्यादा आखली. एका पिढीच्या अंतराने महाकाव्याने केवढा पल्ला गाठला आहे! आणि तरी या साऱ्या घटनेचे प्रयोजन वंश हेच राहिले, कुंतीचे सुख हे नव्हे, याची खूणगाठही बांधून ठेवली पाहिजे.

धर्मशास्त्रकारांनी या लोकरूढीला नियमांच्या चौकटीत बसवण्याचा यत्न केला तेव्हा त्यांच्या मनाची द्विधा अवस्था झालेली स्पष्ट दिसते. गौतमाला नियोग मान्य, आपस्तंबाला अमान्य. आणि मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर पाच श्लोकांत त्याची अनुज्ञा आणि लगेच पुढच्या पाचांत त्याची कडक निंदा अशी विलक्षण जोडणी आहे. अनुज्ञेच्या भागात सांगितले आहे, की नियुक्त पुरुषाने अंगाला तूप माखून, रात्री, मौन धरून जावे आणि एकच पुत्र उत्पन्न करावा. स्पर्शातून सुख आणि बोलण्यातून जवळीक निर्माण होऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. याच अध्यायात बीज आणि क्षेत्र यांच्या प्राधान्याचा प्रसिद्ध विचार येतो: दुसऱ्याच्या शेतात पडलेल्या बियाण्याचे पीक कोणाचे? उत्तर असे, की शेतवाल्याचे. मात्र बीजवाला आणि शेतवाला यांच्यात आगाऊ करार झाला असेल, तर दोघांचाही त्यात वाटा. म्हणजे करार या कल्पनेचा शास्त्रकारांना परिचय होता, इतकेच नव्हे तर त्यांनी तिला या नाजूक मामल्यात निर्णायक स्थान दिले. परंतु त्या करारनाम्यात पक्षकार दोघेच, आणि दोघेही पुरुष. ज्या क्षेत्राविषयी करार व्हायचा, ते क्षेत्र बोलू शकते, हे तेथे कोणाच्या ध्यानी आले नाही.

पुढे नियोग कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांच्या, यादीत गेला आणि उच्चवर्णीयांच्या आचारातून नाहीसा झाला. महामहोपाध्याय काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथात या स्थित्यंतराची सारी वचने एकत्र पाहावयास मिळतात. आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी विवाहसंस्थेच्या प्राचीन रूपांविषयी निर्भीडपणे लिहिले तेव्हा महाराष्ट्रातील सुशिक्षित समाज किती अस्वस्थ झाला होता, हेही विसरण्यासारखे नाही. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की नियोगाचा त्याग झाला तो स्त्रीच्या इच्छेविरुद्ध घडणारी गोष्ट म्हणून झाला नाही. तो पातिव्रत्याच्या आणि कुलशुद्धीच्या कल्पना अधिक कडक झाल्या म्हणून झाला. मनूच्याच नवव्या अध्यायात वंध्या स्त्रीवर आठव्या वर्षी सवत आणावी असे सांगितले आहे, ते वचन कलिवर्ज्य ठरले नाही. नियोग बंद झाल्याने पत्नीचे शरीर एका विधीतून मुक्त झाले खरे, परंतु अपत्यहीनतेचा सारा दोष तिच्या एकटीच्या पदरात पडण्याचा मार्गही त्याच वेळी प्रशस्त झाला. पुरुषाच्या बीजातही उणे असू शकते, हे नियोगाच्या कल्पनेला निदान मान्य तरी होते. सवतीच्या कल्पनेला ते ठाऊकच नव्हते.

मधल्या काळात वंशाचा प्रश्न शय्येवरून दस्तऐवजावर आला, आणि दत्तकविधान हा राजमार्ग ठरला. या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा विशेष उल्लेखनीय आहे. कारण अन्यत्र बहुधा विधवेला दत्तक घेण्यास पतीची अनुज्ञा दाखवावी लागे, तर मुंबई इलाख्यात, नीळकंठाच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाला अनुसरून, तशी अनुज्ञा नसतानाही तिचा अधिकार न्यायालयांनी मान्य केला होता. तो अधिकार बजावताना भाऊबंदांचे आणि कारभाऱ्यांचे दडपण तिच्यावर नसेल असे नाही; परंतु कायद्याच्या दृष्टीने निर्णय करणारी व्यक्ती म्हणून एक स्त्री येथे उभी राहिली, हे सत्य लहान नाही. दत्तकाचे राजकीय मोल किती होते, ते सातारकर, नागपूरकर आणि झाशीकर यांना कंपनी सरकारने दाखवून दिले. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीने राज्याचा वारस म्हणून नामंजूर केला. मूल नसणे हा गुन्हा नव्हे, परंतु त्याची शिक्षा राज्ये भोगत होती.

अपत्य आणि विवाह यांचे नाते न्यायालयात सर्वांत स्पष्टपणे तपासले गेले, ते १९५१ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात. १९४६ च्या कायद्याने मुंबई सरकारने हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची बंदी केली होती. तिला आव्हान देताना धर्मस्वातंत्र्याची बाजू मांडली गेली, आणि तिचा पाया असा, की पारलौकिक गतीसाठी हिंदूला पुत्र हवाच, आणि तो पहिल्या पत्नीपासून होत नसेल तर दुसरी करणे हे धर्मकृत्य आहे. नरसू अप्पा माळी यांच्या त्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी बंदी कायम केली. छागलांनी दाखवून दिले, की पुत्राची आवश्यकता मानणारा धर्मच दत्तकाचीही सोय करतो. तेव्हा एकपत्नीत्वाच्या मर्यादेत राहूनही वंश चालू शकतो. धर्माचेच शस्त्र धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायावर उगारण्याची ही रीत आपल्या सुधारकांच्या जुन्या परंपरेतलीच होती.

या दत्तकमार्गात तरी पत्नीला विचारले जात होते काय? बराच काळ नव्हते. पती जिवंत असता दत्तक घेण्याचा अधिकार त्याचा, आणि तो पत्नीच्या संमतीवाचून बजावता येई. म्हणजे ज्या मुलाला तिने आयुष्यभर आई होऊन वाढवायचे, ते घरात येणार की नाही हे तिला विचारण्याचे बंधन नव्हते. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने पत्नीची संमती आवश्यक ठरवली, आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. तरीही विवाहित स्त्रीला पती हयात असताना स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार मिळण्यास २०१० ची दुरुस्ती उजाडावी लागली. त्या दुरुस्तीने तिला पतीची संमती घेण्याचे बंधन घातले, जसे त्याला तिची संमती घेण्याचे होते. ज्या वर्षी कायद्याने दांपत्याला या एका बाबतीत समान पातळीवर आणले, त्याच वर्षी तिरुचेंगोड्याच्या लेखकाने पोन्ना आणि काली यांची कथा प्रकाशित केली. हा केवळ योगायोग. परंतु विचाराच्या इतिहासात असे योगायोग दोन वाटा कोठे मिळाल्या ते दाखवून देतात.

दरम्यान वैद्यकशास्त्राने बीज आणि क्षेत्र यांचा जुना वाद प्रयोगशाळेत नेला होता. १९७८ साली कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने, आणि १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून, शरीराबाहेर गर्भधारणा झालेली मुले जन्मली. पुष्कळ जोडप्यांत अपत्यहीनतेचे कारण पुरुषाच्या शरीरात असते, हे तपासणीच्या कागदावर लिहून येऊ लागले, आणि दात्याचे बीज वापरणे ही एक वैद्यकीय तजवीज ठरली. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यात या तजविजीचे नियम आहेत, आणि ते वाचताना मनूचा नववा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही: दात्याचे नाव गुप्त, त्याचा अपत्यावर कोणताही हक्क नाही, मूल सर्वस्वी त्या दांपत्याचे. रथोत्सवाच्या गर्दीतील अनामिक पुरुष आणि तूप माखून मौन धरणारा नियुक्त पुरुष यांची जागा आता दवाखान्याच्या नोंदवहीतील एका क्रमांकाने घेतली आहे. भेद आहे तो एकाच गोष्टीत, आणि तो भेद मूलभूत आहे: येथे सर्व संबंधितांची लेखी आणि समजून-उमजून दिलेली संमती हवी. क्षेत्र करारनाम्यावर सही करू लागले.

परंतु सही म्हणजे संमती असे मानून आपण निश्चिंत होणार असू, तर मुरुगन यांच्याच आयुष्यात पुढे जे घडले त्याकडे पाहावे. २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्या गावी कादंबरीविरुद्ध चळवळ उभी राहिली. आपल्या गावाची, जातीची आणि देवस्थानाची बदनामी झाली अशी तक्रार, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या, बाजारपेठ बंद पाळली गेली. १२ जानेवारी २०१५ रोजी नामक्कलच्या कलेक्टर कचेरीत समेटाची बैठक भरली, आणि तेथे लेखकाने बिनशर्त माफी मागून न खपलेल्या प्रती परत घेण्याच्या तहनाम्यावर सही केली. लागलीच त्यांनी जाहीर केले, की पेरुमाळ मुरुगन हा लेखक मेला आहे. कुटुंबाने पोन्नाची संमती जशी कल्याणाच्या नावाखाली मिळवली, तशीच शासनाने आणि जमावाने लेखकाची संमती शांततेच्या नावाखाली मिळवली. दोन्हीकडे कागदोपत्री कोणी जबरदस्ती केली नाही. दोन्हीकडे माणूस आतून मोडला. मद्रास उच्च न्यायालयाने ५ जुलै २०१६ रोजी दिलेल्या निकालात तो समेट लेखकावर बंधनकारक नसल्याचे सांगितले, पुस्तकाविरुद्धच्या मागण्या फेटाळल्या आणि लेखकाने पुन्हा लिहावे अशी इच्छा व्यक्त केली. दडपणाखाली दिलेला होकार हा होकारच नव्हे, हे तत्त्व एका कादंबरीने कथेतून सांगितले होते. न्यायालयाला ते तिच्याच लेखकाच्या बाबतीत सांगावे लागले.

कादंबरीच्या विरोधकांचे दुःख सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. आपल्या मातामह्यांविषयी कोणी असे लिहिले म्हणजे मनाला लागते; आणि ज्या प्रथेविषयी लिहिले ती लेखकाने वर्णिल्याप्रमाणेच होती काय, हा वादही करता येईल. परंतु ज्यांना पोन्नाच्या कथेत केवळ बदफैलीपणा दिसला, त्यांना तिच्यातले सर्वांत मोठे लांच्छन दिसलेच नाही. त्या रात्री गर्दीत गेलेल्या स्त्रीचे पाऊल लज्जास्पद नव्हते. लज्जास्पद होते ते बारा वर्षे तिला मागे सारणाऱ्या आयाबायांचे हात, जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या भाऊबंदांची जीभ, आणि तिच्या भल्यासाठी तिला खोटे सांगणारे तिचे स्वतःचे घर.

म्हणून या विचाराच्या प्रवासाचा शेवट कायद्याच्या कलमात झाला असे मला वाटत नाही. अंबिकेपासून पोन्नापर्यंतच्या वाटचालीत आपण इतके शिकलो, की वंश हा माणसापेक्षा मोठा नाही आणि ज्याच्या शरीरावर गोष्ट घडायची त्याला विचारल्यावाचून ती घडवू नये. दोन गोष्टी शिकावयाच्या राहिल्या आहेत. पहिली ही, की विचारणे म्हणजे नाही म्हणण्याची खरी मोकळीक देऊन विचारणे. कालीने पोन्नाला विचारले तेव्हा त्याने तिला परीक्षा घातली होती, प्रश्न केला नव्हता, आणि आज दवाखान्यात सुनेसमोर अर्ज सरकवणारे घरही बहुधा प्रश्न करीत नाही. दुसरी ही, की मूल नसलेला संसार हा अपुरा संसार आहे, हे गृहीतकच सोडण्याची तयारी असली पाहिजे. कादंबरीत कालीचा नल्लुपय्यन नावाचा एक अविवाहित काका आहे. मूल नाही म्हणून कोणाचे काय अडले, असे गावाला बेधडक विचारणारा, आपल्या मर्जीने जगणारा म्हातारा. गाव त्याला हसते, आणि तरीही या दोघांवर कसलेही ओझे न टाकता माया करणारे माणूस म्हणून वाचकाच्या लक्षात राहतो तो तोच. ज्या दिवशी आपल्या घरांतून या काकाचे मत विक्षिप्त न ठरता साधे शहाणपण ठरेल, त्या दिवशी मूल हवे असणाऱ्यांची इच्छा ही खऱ्या अर्थाने त्यांची इच्छा असेल. आणि तोवर जो जो होकार आपण सुनांकडून, लेकींकडून, आणि हो, मुलांकडूनही गोळा करतो, त्यातील स्वेच्छा किती आणि शरणागती किती, हे तपासून पाहण्याचे ऋण आपल्यावर राहीलच.